कोमट होईपर्यंत

कौशल्याबाईंनी एकदा मनात घेतलं की ब्रह्मदेव खाली उतरला तरी त्या हटत नसत. या वेळी त्यांनी मनात घेतलं होतं, की नवऱ्याच्या पोटात आपल्या घरचं ताक गेलंच पाहिजे.

वैजनाथराव आयसीयूत होते. पायाच्या जखमेतले जंतू रक्तात शिरले आणि चालताबोलता माणूस मशिनच्या श्वासावर आला. डॉक्टर त्याला सेप्सिस म्हणत. नाकातून पोटात नळी घातली होती. तिच्यातून पातळ आहार थेंबथेंब सोडायचा. पण पोट तो पुढे ढकलतच नव्हतं. फुगायचं, आणि आहार थांबवावा लागायचा. "पोट चालू झालं पाहिजे," असं डॉक्टर म्हणाले, ते बाईंच्या काळजात रुतून बसलं. वर ते हेही बोलून गेले, की अँटिबायोटिकनं पोटातले चांगले जंतूसुद्धा मरतात.

झालं! चांगले जंतू म्हणजे दही, हे बाईंना कुणी शिकवायला नको होतं. औशाहून लग्न होऊन कात्रजला आल्या, तेव्हा आईनं डब्यात विरजण बांधून दिलं होतं. ते त्यांनी आजवर मोडू दिलं नव्हतं. नवरा रोज "आंबट हाय" म्हणून तोंड वाकडं करायचा आणि वाटी चाटूनपुसून रिकामी करायचा. आताही त्या संध्याकाळी घरी जाऊन दूध विरजून येत. स्वतः मात्र दह्याला शिवत नव्हत्या. ह्यांनी खाल्ल्याशिवाय आपण खायचं नाही, असं ठरवलं होतं.

नळीतला आहार ठरवणाऱ्या पद्मजा मॅडमना त्यांनी रीतसर विचारलं.

"घरचं काहीही नळीतून जाणार नाही," मॅडम म्हणाल्या.

"मग त्या चांगल्या जंतूंच्या गोळ्या तरी द्या."

"इतक्या आजारी माणसाला आम्ही त्या देत नाही. फायद्याची खात्री नाही, आणि जिवंत जंतू रक्तात शिरले तर नवं दुखणं."

"दह्यानं कुणी मेलंय का कधी?"

"ते शोधायला हे हॉस्पिटल काढलेलं नाही."

अस्सल पुणेरी उत्तर. बाईंना ते पटलं, म्हणजे मॅडमना तसं वाटलं. दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेला त्या पिशवीत गाळलेलं ताक लपवून आल्या. नर्स पलीकडच्या पेशंटकडे वळताच त्यांनी उशाजवळची मोठी सिरिंज उचलली आणि ताकानं भरली. त्यांनी नळीचं टोपण काढलं.

"कौशल्याबाई."

मागे पद्मजा मॅडम उभ्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत.

"तापलेल्या दुधात विरजण घालता का हो तुम्ही?"

"येडी हाय का मी? कोमट होऊ द्यावं लागतंय."

"आणि तोवर?"

"तोवर थांबायचं. बोट लावून बघायचं."

"हे अजून तापलेत. मीही रोज बोट लावून बघतेय. वेग कमी करू, पोट हलायचं औषध देऊ, फुगलं तर थांबून पुन्हा सुरू करू. यांचं पोट मी चालू करणार. मी सोडणारी नाही. तुम्ही फक्त घाई करू नका."

बाईंनी हातातल्या सिरिंजकडे पाहिलं. घाई केलीस की दूध हातचं जाईल, असं लेकीला बजावणारी बाई, आणि नवऱ्याच्या बाबतीत हे काय करायला निघाली होती! त्यांनी सिरिंज मॅडमच्या हातात दिली आणि तिथेच हमसून रडल्या.

"मला बी दाखवा कसं बघायचं ते," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "आता मी बी हलत न्हाई."

आणि खरंच हलल्या नाहीत. ताक बाहेर बसलेल्या नातेवाइकांना वाटायचं आणि भेटीच्या वेळी पोट फुगलंय का ते बघायचं, हा त्यांचा नेम झाला. आहार दोनदा थांबला. मॅडमनी तो दोन्ही वेळा पुन्हा सुरू केला. एके सकाळी नर्सनं हसत सांगितलं, की आजोबांना शौचाला झाली. नवऱ्याला शौचाला झाली म्हणून पेढे वाटणारी बाई त्या हॉस्पिटलनं पहिल्यांदाच पाहिली.

मशिन सुटलं, ताप उतरला. वैजनाथराव वॉर्डात आले, तोंडानं पेज गिळू लागले, आणि नळीही निघाली. तेव्हा डॉक्टरांना विचारून पद्मजा मॅडम आल्या.

"आणा तुमचं दही. ताजं आणा, आणि दोनच चमचे."

बाईंनी वाटी उघडली. आधी नवऱ्याच्या कपाळाला बोट लावून पाहिलं, मग चमचा त्याच्या तोंडाशी नेला. त्यानं घास सावकाश गिळला.

"आंबट हाय," वैजनाथराव घोगऱ्या आवाजात म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा तोंड उघडलं.

बाईंनी दुसरा चमचा भरवला. मग वाटीतलं उरलेलं दही त्यांनी स्वतः खाल्लं.