पारखींची मूठ

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी साडेदहा वाजता, नाणेसंग्राहक मंडळाची मासिक बैठक वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरील खोलीत भरली. सभासद अकरा आणि खुर्च्या नऊ होत्या. पण पारखी नेहमी उभेच राहत, त्यामुळे अडचण एकाचीच झाली.

पारखी हे टोपणनाव. डोळे मिटून नाणे मुठीत धरायचे, त्याचे वजन आणि गारवा जोखायचा आणि धातू सांगायचा, ही त्यांची ख्याती. टायटॅनियम असो वा नायोबियम, वीस वर्षांत त्यांची मूठ चुकली नव्हती, आणि हे ते कुणी न विचारताही सांगत.

त्या दिवशी त्यांच्या मेहुण्याने बर्फाच्या डब्यातून एक नाणे आणले. धातू ओळखला तर नाणे भावोजींचे. नाही तर त्यांनी ‘पारखी’ हे नाव सोडावे, अशी पैज ठरली. पंच म्हणून एक निवृत्त सोनार बसले.

पारखींनी मूठ मिटली. अर्ध्या मिनिटात त्यांना उत्तर कळले: गॅलियम. त्यांच्या संग्रहात एवढ्याच धातूची उणीव होती आणि त्यासाठी ते चार वर्षे झुरत होते. पण नुसते उत्तर देऊन मोकळे होणे त्यांच्या स्वभावात नव्हते. हे कथील का नव्हे, याची त्यांनी तीन कारणे दिली. कोषाध्यक्षांनी जांभई दिली म्हणून चौथे दिले. मग जस्त घेतले.

मेहुणा म्हणाला, “भावोजी, नाव सांगा आणि मूठ उघडा. तुमच्याच भल्याचं सांगतोय.”

“घाबरलास ना? आधी खंडन, मग मंडन. झाकली मूठ सव्वा लाखाची असते.”

“ही नाही राहायची.”

पारखींनी कीव आल्यासारखे हसून अँटिमनी खोडायला घेतले. करंगळीखालून काहीतरी ओघळले. ते त्यांना बर्फाचे पाणी वाटले. निर्णायक मुद्दा त्यांनी शेवटी राखून ठेवला होता.

“हा धातू तळहाताच्या उबेनंसुद्धा वितळतो,” ते विजयी स्वरात म्हणाले, “म्हणून हे गॅलियम.”

आणि त्यांनी मूठ उघडली. राखाडी झालेल्या तळहातावर एक चकचकीत थेंब डुलत होता. उरलेले नाणे खाली टेबलावरच्या इतिवृत्ताच्या वहीवर पसरले होते.

सोनारांनी चष्मा पुसला, थेंब निरखला आणि निकाल दिला.

“पैज पारखींनी जिंकली. बक्षीस त्यांनी वाटीत भरून घरी न्यावं.”