मासोळीचा वास

लाडकुंवरच्या अंगावर सोरायसिसचे चट्टे उठून बरीच वर्षं लोटली होती. कोपरं, गुडघे, पाठ. खपल्या पडायच्या, खालची कातडी लाल व्हायची, अंथरूण झटकलं की पांढरा कोंडा उडायचा. लग्नकार्यात ती लांब बाह्यांचं पोलकं घालून भिंतीच्या कडेला बसे. जळगावातले सगळे मलम लावून झाले, तेव्हा तिचा नवरा जवरीलाल, डाळीचा व्यापारी, तिला धुळ्याच्या डॉक्टरांकडे नेऊ लागला.

डॉक्टर म्हणाले, "रक्तातल्या शिपाई पेशी जंतूंशी लढायचं सोडून तुमच्याच कातडीवर तुटून पडल्यात. आपण कुठली चरबी खातो, त्यावर त्यांचा जोर कमी-जास्त होत असावा, असं आता दिसू लागलंय."

मग जवरीलाल एकटाच आत थांबला. बाहेर आला तो पिवळ्या गोळ्यांची बाटली घेऊन. "ताकदीच्या आहेत," एवढंच बोलला.

हिवाळा सरता सरता खाज उतरली. कितीतरी दिवसांनी तिला सलग झोप लागू लागली.

एका दुपारी भांडी घासणारी बेबाबाई चाचरत म्हणाली, "अक्का, राग नका धरू. तुमना तोंडले मासोळीना वास येस."

लाडकुंवरनं गोळ्यांची बाटली उघडून हुंगली. त्यांच्या जैन घरात कांदासुद्धा येत नसे.

संध्याकाळी जवरीलाल जेवायला बसला, तेव्हा तिनं विचारलं, "त्या गोळ्या कशाच्या आहेत?"

त्यानं घास ताटात परत ठेवला. "माशाच्या तेलाच्या. रात्र-रात्र बसून असायचीस. मला बघवत नव्हतं."

"मला विचारायचं होतं."

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो. नाहीच म्हणाले असते."

भांडायचं त्राण तिच्यात नव्हतं. तिनं बाटली त्याच्यापुढे ठेवली आणि प्रायश्चित्ताचे उपवास धरले. पारणं झाल्यावर पहिल्यांदाच एकटी एसटीनं धुळ्याला गेली.

डॉक्टर ओशाळले. "तुम्हाला माहीत असेल, असं मी धरून चाललो होतो."

"आमच्यात चालेल असं काही आहे का?"

"जवस खाऊन बघा. त्यातली चरबी थोडीफार तशीच, पण गुण कमी. खाज परत येईल."

"येऊ द्या," ती म्हणाली.

उन्हाळ्यात खाज परतली. जवरीलाल बाजारातून स्वतः जवस आणून निवडून देई, ती भाजून चटणी करी. रोज संध्याकाळी तो तिच्या पाठीला डॉक्टरांनी दिलेला डांबराचा मलम लावू लागला. तिथं तिचा हात पोचत नव्हता.

एकदा लावता लावता त्यानं हळूच विचारलं, "अजून राग आहे?"



"थकलेय हो," ती म्हणाली. "जरा खाली लावा. तिथं फार आग होतेय."