माझं नुसतं नाव पाठवलंत

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी भंगार नाही. विठ्ठलवाडीपासून बदलापूरपर्यंत माझी तशी बदनामी झाली, म्हणून आज तोंड उघडतो आहे. मी एक जुना मराठी फॉन्ट आहे, आणि माझं नाव तुरा.

माझा जन्म कागदावर झाला. एका चित्रकाराने बोरूने माझं एकेक अक्षर काढलं आणि शिरोरेषेच्या टोकाला छोटा वळसा दिला. त्यावरून माझं नाव पडलं. पुढे मला कॉम्प्युटरात घातलं. तिथे माझ्या अक्षरांना स्वतःची जागा नव्हती, म्हणून त्यांना इंग्रजी अक्षरांच्या खुर्च्यांवर बसवलं. मी हजर असलो की खुर्चीवर ‘क’ दिसतो. मी नसलो की नुसत्या खुर्च्या दिसतात, म्हणजे इंग्रजी अक्षरं आणि वेडीवाकडी चिन्हं. एवढं ध्यानात ठेवा, पुढचा सगळा घोळ याच्यातूनच झाला.

विठ्ठलवाडी स्टेशनजवळ धम्मदीपचं डीटीपीचं दुकान होतं. एका सीडीवरून मी त्याच्याकडे आलो. तीच सीडी अंबरनाथ पूर्वेला त्याच्या मित्राकडे, विक्रांतकडे गेली, आणि मग या हाताची त्या हाताला करत आसपासच्या सगळ्या डीटीपीवाल्यांकडे फिरली. लग्नपत्रिका, भीमजयंतीचे बॅनर, मिठाईच्या खोक्यांवरची नावं, सगळीकडे मीच. लोक पत्रिकेवरून बोट फिरवत आणि धम्मदीप कॉलर ताठ करून बसे. कागदावर मी कधी कोणाला दगा दिला नाही, हे छातीठोकपणे सांगतो.

२००७ साली शीलाताई दुकानात आली. ती बुवापाड्याची. उल्हासनगरच्या एका जीन्स कारखान्यात ती बरीच वर्षं शिवणकाम करत होती. जीन्सची निळी धूळ नाकातोंडात जाऊन तिचा खोकला हटत नव्हता. शेवटी तिने काम सोडलं, पांढऱ्या कापडाचे तागे आणले आणि बुद्धपौर्णिमेसाठी पांढरे कुर्ते शिवून विकायचं ठरवलं. कारखान्याचे शेट म्हणाले होते की महिनाअखेरपर्यंत तुझं मशीन कोणाला देत नाही, जमलं नाही तर परत ये. म्हणजे पौर्णिमेच्या आधी ऑर्डरी आल्या तर ठीक, नाहीतर पुन्हा तीच निळी धूळ.

तिची नणंद प्रीती ठाण्याला एका ऑफिसात होती. तिने आपल्या बौद्ध कर्मचारी संघटनेतल्या पुष्कळ नोकरदारांचे ईमेल पत्ते आणून दिले. धम्मदीपने जाहिरात मन लावून लिहिली, आणि अख्खी माझ्यात लिहिली. मेलच्या विषयाच्या जागी मात्र मी उमटेना. तिथे नुसत्या खुर्च्या दिसायला लागल्या. अरे बाबा, तेव्हाच तुला शंका यायला नको होती का? त्याने ती जागा सरळ कोरी सोडली!

मग त्याने मेल तपासायला पाठवला. कोणाकडे? विक्रांतकडे, आणि आणखी दोन डीटीपीवाल्यांकडे. सगळ्यांकडे मी आधीच घरचा म्हणून बसलेलो! सगळ्यांचा निरोप आला की एकदम कडक दिसतंय. घरच्यांनीच स्वयंपाक चाखायचा आणि घरच्यांनीच वाहवा करायची, तशातला प्रकार. खरी गोष्ट अशी की मी त्या मेलबरोबर गेलोच नव्हतो. मेलमधून फॉन्ट जात नाही, त्याचं नुसतं नाव जातं. समोरच्याच्या कॉम्प्युटरात त्या नावाचा कोणी नसला की सगळा कारभार उघडा पडतो.

मेल गेला आणि सगळं शांत झालं. एकही फोन आला नाही. शीलाताई रोज दुकानात डोकावायची आणि मान खाली घालून परत जायची. एकदा ती धम्मदीपला म्हणाली की माझी शिलाईच लोकांना पसंत नसेल. मित्रांनो, याचा मला आजही संताप येतो. तिच्या कुर्त्यांबद्दलचं एक अक्षर कोणी वाचलेलं नव्हतं, आणि ती बाई स्वतःच्या हातांना दोष देत होती. मला बोलता येत असतं तर मी तिथेच ओरडलो असतो.

पौर्णिमा आठवड्यावर आली तेव्हा, शीलाताई दुकानात असतानाच, प्रीती आली. तिने वहिनीलाच विचारलं, "जाहिरात पाठवणार कधी तुम्ही? मला तर काहीच नाही आलं."

धम्मदीप म्हणाला की कधीच पाठवली, तुलाही पाठवली. प्रीती विचारात पडली. मग तिचा चेहरा उतरला. विषय नसलेला, सगळी कचरा अक्षरं असलेला एक मेल तिला आला होता. व्हायरस असेल म्हणून तिने तो स्वतःच्या हाताने उडवला होता.

तिघं स्टेशनसमोरच्या सायबर कॅफेत गेली. तिथे मी नव्हतो. धम्मदीपने आपला मेल उघडला आणि पडद्यावर खुर्च्याच खुर्च्या! तो तणतणत परत आला आणि म्हणाला, "हा फॉन्टच भंगार आहे."

मी! ज्याला सोबत नेलंच नाही, त्याने तिथे पोचायचं कसं?

कॉम्प्युटरात एक साधा युनिकोड फॉन्ट होता. त्याला कोणाची खुर्ची लागत नाही, आणि तो बहुतेकांच्या कॉम्प्युटरात आधीपासून असतो. पण धम्मदीपला तो आवडेना, त्याच्यात काही मजा नाही म्हणाला. तेव्हा शीलाताईने पहिल्यांदा आवाज चढवला.

"मजा माझ्या कुर्त्यात आहे, धम्मदीप. तुझं अक्षर लोकांना वाचता आलं तरी पुरे झालं मला."

त्याने निमूटपणे सगळी जाहिरात त्या साध्या फॉन्टमध्ये लिहिली, विषयही लिहिला, आणि या खेपेला आधी सायबर कॅफेत जाऊन वाचून पाहिली. मला थोडं लागलं, नाही कशाला म्हणू? पण त्या साध्याने काम चोख केलं.

म्हणून मित्रांनो, एक विनवणी आहे. आम्हाला नटवा, मिरवा, पत्रिकेवर छापा. पण परक्याच्या दारी पाठवताना तो आम्हाला ओळखतो का, एवढं आधी बघा. आणि जो आमच्या घरचा नाही, त्याच्याकडून तपासून घ्या. पुढे घोळ झाला तर आम्हाला शिव्या देऊ नका.

हा नवा मेल गेला त्याच दुपारी शीलाताईचा मोबाइल वाजला. बदलापूरचे हरिचंद्र नावाचे गृहस्थ होते, त्यांना स्वतःसाठी आणि दोन नातवांसाठी कुर्ते हवे होते. ते फोन ठेवतात न ठेवतात तोच दुसरा आला. संध्याकाळपर्यंत धम्मदीप मापं लिहून घेत होता आणि प्रीती फोन घेत होती. शीलाताई उठून दाराशी गेली, पदराने डोळे पुसले आणि तिने स्वतः एक नंबर लावला.

"शेटजी, शीला बोल रही हूँ," ती म्हणाली. "मेरी मशीन किसी और को दे दो."