दुसऱ्या पंचाचा हात

शालिग्रामचा हात वर गेला आणि मानाजींनी आपला वर निघालेला हात आवरला.

खरं तर त्यांनी आनंदानं पागोटं उडवायला हवं होतं. त्यांचा भाचा तुकाराम उमाशंकरच्या छातीवर बसला होता, आणि उमाशंकरचे दोन्ही खांदे मातीला टेकलेले त्यांनी अगदी जवळून पाहिले होते. पण देवास गाव एक, गाद्या दोन: थोरली पाती आणि धाकटी पाती. म्हणून कुस्त्यांच्या दंगलीला पंचही दोन. दोघांचे हात वर गेल्याशिवाय कुस्ती निकाली नाही. मानाजी थोरल्या पातीचे, शालिग्राम धाकट्या पातीचा. उमाशंकरही धाकट्या पातीचाच. आणि हा गृहस्थ आपल्याच गड्याची हार इतक्या झटकन कबूल करतो? छे! कुठंतरी पाणी मुरत होतं.

"मानाजी भिया, हात करा की! चीत झाला माझा गडी," शालिग्राम ओरडला, वर हसलासुद्धा.

त्या हसण्यानं मानाजी आणखीच बिथरले. सकाळी या लबाडानं पान काय दिलं, बहिणीची विचारपूस काय केली! आता आपण हात वर केला की हा उद्या दरबारात बोंब ठोकणार, पंचानं भाच्याला जिंकवलं म्हणून. मग जिंकणाऱ्याला मिळायची ती दरबारी तालमीतली जागा गेली, आणि विधवा बहिणीचा आधारही गेला.

"खांदा टेकला नाही. पुन्हा लावा."

"अरे, क्या बात करते हो! माझ्या डोळ्यांनी बघितलं मी!"

"मला शिकवू नकोस!"

तुकारामनं मामांकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा हात मिळवायला उठला. त्याचा दम केव्हाच संपला होता. उमाशंकरनं त्याला उचलून जो आपटला, तो सरळ पाठीवर. शालिग्राम मात्र हात खाली ठेवून मानाजींकडे बघत राहिला. मानाजींनी हात वर केला, तेव्हा कुठे त्यानंही केला.

लोक पांगल्यावर तो जवळ आला. "इतकी सालं सोबत उभे राहतो, भिया. खोटा हात केला का मी कधी?"

मानाजींना एकही वेळ आठवेना. तो निघून गेल्यावर ते आखाड्याच्या कडेला अनवाणीच बसले.

तुकाराम अंग पुसत आला. "मामा, तुम्हांला दिसलं होतं ना?"

"दिसलं होतं रे पोरा. स्वच्छ दिसलं होतं."

तुकारामनं मान डोलावली. मामांचे जोडे शोधून त्यांच्या पायांपुढे सरळ मांडले, आणि आईला सांगायला एकटाच पुढे निघाला.