आतला उजेड

नवऱ्याचा पगार निम्म्यावर आला तेव्हा हात आखडता घ्यायला ती आपणहून तयार झाली होती. पण काटकसर म्हटलं की नेमकी तिच्याच गोष्टींवर गदा का यावी? आधी तिचा दुपारचा चहा गेला, मग बहिणीकडे जायचं बसभाडं गेलं. स्वारीची सिगारेट आणि रोजचा पेपर मात्र जागच्या जागी! आणि आज तर त्याने स्टुलावर चढून स्वयंपाकघरातला दिवाच काढला आणि कपाटात ठेवून दिला.

"बाहेरच्या खोलीतला उजेड आत येतोच की," असं म्हणत तो खुर्चीत पेपर उघडून बसला.

अर्धवट अंधारात भाजी चिरताना सुरी तिच्या बोटात घुसली. ती कळवळली, तसा बाहेरून आवाज आला, "चिंधीच बांध गं, पट्टी कशाला वाया घालवतेस?"

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. बोटाला चिंधी गुंडाळून तिने तेच स्टूल बाहेर ओढत आणलं. कपाटातल्या दिव्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. बटण बंद करून, फडक्यात धरून तिने नवऱ्याच्या डोक्यावरचा दिवा काढला आणि स्वयंपाकघरात नेऊन लावला.

"अगं, डोकं फिरलं का तुझं? मला एक अक्षर दिसत नाहीये!"

"आतला उजेड बाहेर येतोच की," ती कडाडली. "आणि तेवढ्यानं भागत नसेल तर आत या. अर्धी भाजी चिरायची राहिलीय."