जुन्या डोळ्याचा तपकिरी

रंगाऱ्याने बोळा बॅगेच्या झाकणावरून शेवटचा एकदा फिरवला, दोन पावलं मागे सरला आणि नव्या डोळ्याने बघितलं. झकास! शिवणीत रंग साचला नव्हता, कोपरे उघडे पडले नव्हते. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्याला स्वतःचं काम बघायची हौसच लागली होती. डाव्याची पाळी पुढच्या आठवड्यात होती.

"काय, कसा आलाय?"

स्टुलावरच्या मुलीने बॅग मांडीवर घेतली. मुलगी म्हणायचं ते आपलं सवयीने. तिच्याही कानांवरचे केस आता पांढरे व्हायला लागले होते. तिने बॅग उजेडात धरली, फिरवली, आणि अपराधी चेहऱ्याने परत टेबलावर ठेवली.

"सुंदर आहे काका. पण हा तो रंग नाही."

"तो म्हणजे कुठला?"

"तुम्ही मागे दिला होतात तो. हा बाबांना ओळखू येणार नाही."

तिचे बाबा वजनमापं तपासणारे. उभी हयात बाजारातल्या दुकानदारांचे काटे आणि किलो तपासत हिंडले, आणि ही बॅग खांद्यावरून कधी उतरली नाही. आता त्यांना काही आठवत नसे. बॅग मात्र आठवे. रोज संध्याकाळी ते घरभर ती शोधत. उन्हाने उडून पांढुरकी झालेली बॅग समोर धरली की ढकलून देत आणि म्हणत, "ही माझी नाही. चोरीचा माल घरात ठेवू नका." मग दाराशी बसून रडत.

"लहान मुलासारखे रडतात हो काका. मला बघवत नाही."

"अगं, पण मी हाच दिला होता. पक्का तपकिरी. माझ्या हातचा रंग मी विसरेन होय?"

मुलगी घुटमळली.

"तो जरा जांभळट होता."

"जांभळट?"

"म्हणजे वांग्यासारखा. सावलीत तर पार वांगंच."

दुकानाच्या मागच्या भागात रंगाऱ्याची बायको एका पट्ट्याला टाके घालत होती. एरवी दर दोन टाक्यांना तोंड उघडणारी बाई आता खाली मान घालून बसली होती. रंगाऱ्याला तेवढं पुरलं.

"काय गं, ही काय म्हणतेय?"

"मला कशाला मध्ये ओढता?"

"तुलाच विचारतोय."

बायकोने दोरा दाताने तोडला. "होता थोडा जांभळट. शेवटच्या काही वर्षांतले सगळेच तसे असायचे. तुम्हाला सगळं पिवळं दिसायचं, म्हणून तुम्ही आपले निळा ओतत बसायचात."

"आणि तू गप्प राहिलीस?"

"तुम्ही इतके खूश असायचात! कुणी विचारलंच तर मी सांगायचे, हा आमच्या दुकानाचा खास तपकिरी आहे."

मुलीला हसू आवरेना. रंगाऱ्याला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या वर्षांतले किती बूट, किती पाकिटं आणि खुर्च्या त्याने छाती फुगवून दारातून बाहेर पाठवल्या होत्या. आणि लोकांनी त्या निमूट नेल्या. कुणी तर या वांगी बुटांत लग्नाला उभं राहिलं असेल! तो मटकन खुर्चीत बसला.

पण मुलगी समोर होती, आणि तिच्या घरी आज पुन्हा संध्याकाळ होणार होती. तो उठला. नमुना म्हणून जुन्या रंगाचा टिपूसही राहिला नव्हता; होता-नव्हता तो त्यानेच सकाळी स्पिरिटने पुसून काढला होता. चामड्याच्या एका कातरणीवर त्याने तपकिरीत थेंबभर निळा घालून बघितला.

"असा?"

"नाही, इतका गार नाही."

त्याने लाल वाढवला. मुलीने मान हलवली. त्याने पुन्हा काहीतरी घातलं, पण हात मध्येच थांबत होता. चुकीचा रंग जाणूनबुजून करायचा तरी कसा? नवा डोळा पहारेकऱ्यासारखा आडवा येत होता.

मग त्याने डावा हात उचलला आणि उजवा डोळा तळव्याने झाकला.

दुकान एकदम जुनं झालं. पांढरी फटफटीत भिंत पुन्हा साईच्या रंगाची झाली. खिडकीतला उजेड दुपार कलल्यासारखा मऊ पडला. याच उजेडात वजनमापवाले यायचे, बॅग टेबलावर आदळायचे, आतली पितळी वजनं खणाणायची. याच स्टुलावर बसून ते कुठल्या दुकानदाराने काट्याखाली काय चिकटवलं होतं ते रंगवून सांगायचे आणि रंगाऱ्याच्या हातातला बोळा हसून हसून वाळून जायचा. काय दिवस होते! मागे बसलेल्या बायकोकडे त्याने बघितलं. तिचे केस पांढरे नव्हते, उन्हात धरलेल्या सुतळीसारखे होते.

"काय बघताय?" ती म्हणाली.

"काही नाही. दुकान बघतोय."

त्या एका डोळ्याने त्याने रंग मिसळायला घेतला. तपकिरी पिवळट वाटला, निळा घातला. अजून पिवळट वाटला, अजून घातला. मन म्हणालं, आता बरोबर. आणि हात आपसूक थांबला. त्याने कातरण मुलीपुढे धरली. तिने ती कातरण गालाला लावली, ओल्या रंगासकट.

दुसऱ्या दिवशी ती बाबांचा हात धरून त्यांना घेऊन आली. इस्त्रीचा सदरा, वरपर्यंत लावलेली बटणं. रंगाऱ्याकडे त्यांनी परक्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. मग त्यांची नजर टेबलावर गेली. त्यांनी मुलीचा हात सोडला, बॅग उचलली, खटका उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

"माझी आहे ही," ते म्हणाले. "कुठे होती?"

"इथेच होती, बाबा," मुलगी म्हणाली आणि तोंड फिरवून रस्त्याकडे बघत उभी राहिली.

म्हाताऱ्याने रंगाऱ्याला बोटाने जवळ बोलावलं. आवाज खाली आणला.

"तुम्ही इथे नवे दिसता. तुम्हाला म्हणून सांगतो. आधी इथे एक रंगारी होता. भला माणूस, पण त्याला शेवटी शेवटी रंग दिसेनासे झाले होते. माझी चांगली तपकिरी बॅग त्याने वांगी करून टाकली. म्हणून तर लांबूनच ओळखली."

मागे सुई थांबली. रंगाऱ्याने कसंबसं विचारलं, "मग तुम्ही त्याला काही बोलला नाहीत?"

"छे हो! सगळ्या बाजाराची खोट काढत फिरलो, पण त्याची नाही काढवली. इतक्या प्रेमाने पुढे करायचा. मी आपला म्हणायचो, फर्स्ट क्लास." म्हाताऱ्याने त्याचं मनगट घट्ट धरलं. "तुम्हीही बोलू नका हं, कधी भेटला तर. फार मनाला लावून घेईल."

"नाही बोलणार," रंगारी म्हणाला, आणि बॅगेचा पट्टा त्याने म्हाताऱ्याच्या खांद्यावर नीट बसवून दिला.