गुडघ्याचं अपील

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. पेणमध्ये कुणाचाच बसत नाही. तरी दर गणपतीला मला मांडवात खुर्ची देतात आणि तीच गोष्ट पुन्हा सांगायला लावतात.

आमची पलटण तेव्हा हिमालयातल्या एका चौकीवर होती. मी, हवालदार दत्तात्रेय, गाव पेण. पेण म्हटल्यावर साऱ्या पलटणीने गृहीतच धरलं की हा गडी मूर्तिकार असणार. आमच्या घराण्याने पिढ्यान्पिढ्या खाडीकाठी मीठ पिकवलं. गणपतीच्या सोंडेला आमच्यातल्या कुणाचा हात लागला असेल तर तो चुकून, गर्दीत. पण कर्नलसाहेबांनी विचारलं, "पेणचा ना तू? मग यंदा मूर्ती तुझी," आणि माझ्या तोंडून "जी साहेब" निघून गेलं. नाही म्हणायची सवय मला लहानपणापासून नाही.

चौकीवर माती कुठली? मी बर्फाचा गणपती केला. दहा फुटी. सुरुवातीच्या वर्षांत तो कमरेएवढा होता हे खरं, पण सांगता सांगता वाढला. विसर्जनाच्या दिवशी मूर्ती उतारावरून निसटली आणि दरीच्या दिशेने निघाली. कुणी काही बोलायच्या आत मी उडी घेतली, कड्यावर आडवा झालो आणि उजवा गुडघा लावून देवाला थोपवलं. देव वाचला, गुडघा गेला. विसर्जनच करायचं होतं तर वाचवला कशाला, असं एकदा मांडवात एका शहाण्याने विचारलं. पुढच्या वर्षी त्याला वर्गणी मागायलाही कुणाला जाऊ दिलं नाही मी.

आता माझी अक्कल बघा. निवृत्तीच्या वेळी लष्करी डॉक्टरांच्या मंडळाने विचारलं, गुडघ्याला काय झालं? मी हीच गोष्ट सांगितली, हातवारे करून. त्यांनी शांतपणे शेरा मारला : स्वतःच्या मर्जीने, धार्मिक हौसेपोटी झालेली दुखापत, सैनिकी सेवेशी संबंध नाही. म्हणजे अपंगत्वाची पेन्शन नाही. पहिल्या अपिलात मी मूर्ती दोन फुटांनी वाढवली. फेटाळलं. दुसऱ्या अपिलात हिमवादळ घातलं. तेही फेटाळलं. मला वाटलं, वादळ कमी पडलं.

एवढी वर्षं हसण्यावारी गेली. आता गुडघा वाकत नाही. सकाळी शांती, माझी बायको, मला काखेत धरून उठवते. परवा तिचीच कंबर धरली आणि आम्ही दोघं पलंगावर बसून राहिलो, कोण कुणाला उठवणार म्हणून. ती एवढंच म्हणाली, "तुमचा देव वाचला, आता मला कोण वाचवतंय ते बघा." ही पेन्शन मंजूर झाली तर घरात एक मदतीची बाई ठेवता येईल. म्हणून न्यायाधिकरणाची शेवटची पायरी चढायची ठरली.

वकील मिळाली ऋजुता, पेणचीच, माझ्या लेकीच्या वयाची. ती म्हणाली, "काका, सगळा खेळ एका प्रश्नावर आहे. पडलात तेव्हा कुणी नेमून दिलेलं काम करत होतात का? असाल, तर केस उभी राहते. हौसेने उडी मारली असेल, तर तुम्ही शूर आहात, पण पेन्शन नाही. तेव्हा तिथे आणखी कोण होतं?"

होता शरीफ. माझ्याच पलटणीतला, रोह्याचा. ऋजुताच्या गाडीतून आम्ही त्याच्याकडे निघालो. वाटेतलं निडी गाव येईस्तोवर मी नवीन गोष्ट जुळवली : गणपतीही ठेवायचा आणि हुकूमही घुसवायचा. पेणमधली खुर्ची सोडवत नव्हती हो.

शरीफ ओटीवर बसला होता. त्याच्या बायकोने, अजीजाने, चहा ठेवला आणि लेकाने कुवेतहून पाठवलेले खजूर पुढे केले.

"या दत्ताभाऊ," ती म्हणाली. "गणपती केवढा झाला यंदा?"

"आहे तेवढाच आहे गो."

"मग तब्येत बरी दिसत नाय तुमची."

ऋजुताने शरीफला समजावलं की त्याने जे पाहिलं ते ती लिहून घेईल आणि त्याला शपथेवर सही करावी लागेल. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, आधी तुम्ही सांगा."

मी सांगितलं. वादळ, उतार, मूर्ती. आणि ऐन वेळी, म्हटलं, कर्नलसाहेबांनी माझ्याकडे बघून डोळ्यांनी हुकूम केला.

"डोळ्यांनी?" ऋजुताने विचारलं.

"लष्करात चालतं तसं."

"न्यायाधिकरणात नाही चालत. शरीफचाचा, तुम्ही पाहिलात तो हुकूम?"

शरीफ खजुराची बी बोटांत फिरवत राहिला. पेणच्या मांडवात मी त्याला दोनदा साक्षीला उभा केला होता. दोन्ही वेळा तो हसून मान हलवून खाली बसला होता.

"बोला की," अजीजा म्हणाली. "मित्राला का अडकवून ठेवता?"

"बोललो तर दोस्ती जाईल गो."

"नि शपथेवर खोटं बोललात तर?"

शरीफने बी बशीत टाकली आणि माझ्याकडे न बघता ऋजुताला म्हणाला, "लिही पोरी. हा फेकतोय. बर्फाचा गणपती नव्हताच. कणकेचा वीतभर होता, तो तंबूत आरामात बसलेला. आम्हा दोघांना सुभेदारसाहेबांनी हुकूम दिलता, खालच्या तळावरून बटाट्याची गोणी आणायची. चढणीला याचा पाय सटकला नि गोणी याच्या गुडघ्यावर आली. दरी नाय, देव नाय, काय नाय. बटाटे होते."